कयाकवरचं स्वस्तिक

मासा न खाणारा माणूस मासे धरायला का जातो, हा प्रश्न आमच्या गावाने सरांना इतक्या वेळा विचारला, की शेवटी त्यांनी उत्तर देणंच सोडून दिलं. सुरुवातीला ते हौसेने समजावून सांगत. मासा धरायचा, त्याच्या तोंडातला गळ हलकेच सोडवायचा आणि त्याला परत पाण्यात सोडून द्यायचं. हे ऐकून गाव आणखीच बुचकळ्यात पडे. सरांचं घराणं माळकरी, केळी-पपईच्या बागा असलेलं. सरांच्या हातात गळ पाहून त्यांच्या थोरल्या चुलतभावाने त्यांच्याकडचं येणंजाणं कमी केलं होतं. उलट तापीत जाळी टाकणारा वेस्ता भील म्हणायचा, हा माणूस माशांची थट्टा करतो.

"खानं नही ते धरस कसाले? आनि धरं ते सोडस कसाले?" तो सरांना तोंडावर विचारी.

"तू पोटसाठे धरस," सर म्हणत, "मी देखासाठे धरस."

वेस्ता माझ्याकडे बघून कपाळावर बोट फिरवी आणि मी हसे. सरांबद्दल कोणी काही बोललं, की मी आधी हसून घेत असे. त्यांच्याबद्दल सांगायचं, तर ही माझी सवयही सांगितली पाहिजे.

आमच्या शाळेत ते कार्यानुभव शिकवत, मी मराठी शिकवतो. वयाने ते माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. वर्गात अगदी पुस्तकी मराठी, आणि वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाय पडला की अहिराणी. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर असे. कुणाच्या घरी गेले, की पुढे केलेली खुर्ची आधी उलटी करून बघत, ढिला स्क्रू असला तर पिळत, मग बसत. एकदा पुतणीसाठी स्थळ बघायला गेले आणि मुलाच्या बापाची खुर्ची सगळ्यांसमोर उलटी केली. लग्न जमलं नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "खुर्ची हालत होती," एवढंच म्हणाले.

माझी माय मात्र त्यांच्यावर खूश. "सर घर उनात का एखादी वस्तू बरी करीसनच जातस," ती म्हणे. आमच्या कुकरचा दांडा, पलंगाचा पाय, देवघराचं दार, सगळ्याला त्यांचा हात लागलेला. आणि तो हात खरोखर बघण्यासारखा होता. जाड बोटं, नखं कापून तळाला नेलेली, पण दोऱ्याची गाठ मारायला लागली की अशी हळू चालत की बघणाराही आवाज न करता उभा राही.

मासेमारीचं वेड त्यांना फोनवरच्या एका व्हिडिओने लागलं. परदेशातल्या कुठल्याशा थंड नदीत एक माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून डोक्यावरून लांबलचक दोरी फिरवत होता. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. तो इतका हलका की फेकला तरी पुढे जात नाही. म्हणून वजन दोरीतच ठेवलेलं असतं, ती झुलवत झुलवत पुढे न्यायची आणि किडा पाण्यावर असा टेकवायचा की माशाला तो खरा वाटावा. सरांना हे भारी आवडलं. शाळा सुटली की मैदानात रॉड घेऊन ते दोरी झुलवायला लागले. दोन महिने दोरी ध्वजस्तंभात, कडुनिंबात आणि एकदा मुख्याध्यापकांच्या मोटरसायकलच्या आरशात अडकली. मी स्टाफरूममध्ये फूटपट्टीला सुतळी बांधून त्यांची नक्कल करायचो. एकदा ते मागे उभे होते. शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "मनगट कमी, कोपर जास्त." मला वाटलं रागावले. पण ते मला खरंच शिकवत होते.

पिसांसाठी त्यांनी केलेली वणवण तर विचारू नका. नवापूरच्या पोल्ट्रीतून पोतंभर पांढरी पिसं आणली, ती निरुपयोगी निघाली. त्यांना देशी कोंबड्याच्या मानेवरची तांबूस, ताठ पिसं हवी होती. खापरच्या बाजारात जाऊन ते कोंबडेवाल्यांच्या माना वाकवून, म्हणजे कोंबड्यांच्या, बघत बसायचे. शेवटी एक कोंबडा विकत घेऊन घरी आणला आणि गळून पडलेली पिसं वेचत त्याला सुखाने पाळला. माळकऱ्याच्या दारात कोंबडा आरवायला लागल्यावर चुलतभावाचं उरलंसुरलं येणंही बंद झालं. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला सगळा जिल्हा नाच बघायला लोटतो. सरही दर वर्षी जात, पण ते नाचणाऱ्यांच्या डोक्यावरच्या मोरपिसांच्या टोपाची बांधणी बघत. पहाटे नाच थांबला की एखाद्याच्या शेजारी बसून विचारत, हा दोरा कुठला, हा वेढा आधी घेतला की ती काडी.

आणि तिथूनच पुढे नर्मदेचं त्यांच्या डोक्यात आलं. काठीच्या पलीकडे सातपुडा उतरून गेलं, की नर्मदेवरच्या धरणाचं फुगलेलं पाणी दरीदरीत शिरलेलं आहे. तिथे मोठ्या खवल्यांचा महसीर मासा आहे असं त्यांनी ऐकलं होतं. आपल्या हाताने बांधलेल्या किड्यावर, आपल्या हाताने सजवलेल्या होडीतून, एक महसीर धरायचा आणि सोडायचा. निवृत्तीच्या आधी एवढं एकच करायचं होतं त्यांना. मेमध्ये निवृत्ती होती, म्हणून मुहूर्त ठरला त्याआधीच्या होळीचा. दुसरं काही मागताना मी त्यांना कधी बघितलं नाही.

होडी आली ती गुजरातेतून. कुठल्याशा तळ्यावरचा नौकाविहार बंद पडला होता आणि तिथली एक पिवळी फायबरची कयाक, एकट्याने वल्हवायची आतून पोकळ होडी, सुरतेच्या भंगारात पडून होती. नवापूरहून सुरतेला कोंबड्या पोचवून रिकामी परतणाऱ्या पिकअपमधून ती आली. चार दिवस तिला कोंबड्यांचा वास होता. उन्हात वर्षानुवर्षं पडून फायबर वाळलं होतं, पण सरांनी बोटाच्या पेराने ठोकून ठोकून सबंध अंग तपासलं आणि म्हणाले, "आंग निरोगी शे."

मग त्यांच्या खळ्यात तीन महिने ती दोन लाकडी घोडींवर चढून राहिली आणि मी त्यांचा मदतनीस झालो. नुसती होडी घेऊन गळ टाकायला बसणं वेगळं आणि अशा मासेमारीसाठी होडी सज्ज करणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. ओढून घेतलेली दोरी पायाशी गोळा होते आणि ती कशातही अडकते. खिळ्यात, बक्कलात, पायाच्या अंगठ्यात. म्हणून त्यांचा नियम एकच, वर आलेलं काही नको. प्रत्येक नटबोल्टावर त्यांनी सायकलच्या ट्यूबचं टोपरं घातलं. दोरी पडायला पायाशी एक प्लास्टिकचं घमेलं बसवलं. बोअरच्या पाइपचा तुकडा तिरका कापून रॉड ठेवायची जागा केली. नांगर म्हणून कोळशाची जुनी इस्त्री घेतली, कारण तिला आकडे नसल्यामुळे ती वेस्ताच्या जाळ्यात गुंतणार नव्हती. ती पुढून मागे सरकवायला शाळेच्या ध्वजस्तंभाची बदललेली कप्पी लावली. बसायच्या उशीला मात्र त्यांनी नंदुरबारच्या बाजारातलं मिरचीचं पोतं वापरलं, चार वेळा धुऊन. तरी पहिल्या दिवशी ते ज्या तऱ्हेने उठून उभे राहिले, त्यावरून मी म्हणालो, सर, उभं राहून मासे धरायची ही सोय चांगली आहे. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

या सगळ्यासाठी होडीला अकरा भोकं पाडावी लागली. अकराही त्यांनी स्वतः पाडली. मला ड्रिल हातात घेऊ दिलं नाही. "भोक कोनी बी पाडी," ते म्हणाले, "मंग त्याना जबाबदार कोन?" प्रत्येक भोकाला ट्यूबचं वायसर, त्यावर सीलंट, मग त्यावर पाणी ओतून रात्रभर वाट बघणं. एक थेंब उतरला नाही.

दसऱ्याला तापीच्या घाटावर होडी पाण्यात घालायचं ठरलं. सर म्हणाले होते, पूजा वगैरे काही नको, आणि करायचीच असेल तर नारळ घाटाच्या दगडावर फोडा. पण दसऱ्याला आमच्याकडे विळ्या-पहारींचीसुद्धा पूजा होते. होडी कोरडी पाण्यात उतरणार, हे मायला पटेना. ती ताट घेऊन घाटावर आली. मी सगळ्या स्टाफला बोलावलं होतं. बॅरेजचं पाणी काठोकाठ होतं. सर हाफपँट घालायला पंपघराच्या आड गेले. त्यांना आपल्या बारीक पायांची लाज वाटे, आणि लोक गेले तरच बाहेर येईन असं त्यांनी आतून सांगितलं.

मायने हळदकुंकू वाहिलं. ती मागे सरली आणि कुणीतरी म्हणालं, "मराठीचे सर, नारळ!" फोन वर झाले. मी नारळ उचलला. दगड चार पावलांवर होता. सरांनी सांगितलेलं मला नीट आठवत होतं. पण होडीच्या नाकावर फोडलेला नारळ व्हिडिओत चांगला दिसला असता. नवी मोटार आली तरी आपण चाकाशी फोडतो, मग होडीने काय पाप केलं? पहिला घाव बसला आणि नारळ नुसता उसळला. सगळे हसले. हसणं माझं काम, माझ्यावर हसलेलं मला खपत नाही. दुसरा घाव मी दोन्ही हातांनी घातला.

नारळ फुटला. त्याच्यासोबत आणखी एक बारीक आवाज आला, तो मी एकट्याने ऐकला. पाणी ओघळून गेल्यावर नाकाच्या कडेला करंगळीएवढी चीर दिसली. बाकीचे टाळ्या वाजवत होते, माय खोबरं वेचत होती. मी तिच्या ताटातला तेलात कालवलेला शेंदूर बोटावर घेतला आणि त्या चिरेवर एक चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं.

सर आले. टॉवेल कमरेला गुंडाळूनच. स्वस्तिक बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, कारण त्यांना होडीवर धुळीचं बोटसुद्धा चालत नसे. त्यांनी टॉवेलचं टोक हातात घेतलं.

"सर, मायने काढलंय," मी म्हणालो.

हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप आलं.

त्यांनी टॉवेल सोडला. "मायना हात लागना ना? मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि वल्हं घेऊन बसले. पाण्यावर ती होडी फार सुंदर दिसली. उभं राहून त्यांनी दोरी झुलवली तेव्हा वेस्तासुद्धा जाळं हातात धरून थांबला.

तासाभराने परत आले आणि आत शिरलेलं पाणी काढायचं मागचं बूच उघडलं, तर पेलाभर पाणी निघालं. ते पाण्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, वर उडालेलं असेल. पुढच्या रविवारी तांब्याभर निघालं.

सरांनी अकरा भोकं उघडली आणि नव्याने बुजवली. पाणी आलंच. वायसर बदलली, सीलंट बदललं, पाणी आलंच. नाकाच्या आतल्या पोकळीत हात पोचत नव्हता, आणि बाहेरून त्या जागेवर मायचं म्हणून समजलेलं स्वस्तिक होतं, ते धुवायचं त्यांच्या मनातही येत नव्हतं. एकदा त्यांनी होडी घोडींवर ठेवून आत नळ सोडला, पाणी कुठून बाहेर पडतं ते बघायला. मी शेजारी उभा होतो. बाहेरून ओल कुठेच नाही, पातळी वर चढतेय, आणि माझं लक्ष नाकावर. नाक वर वळलेलं होतं. पाणी मागच्या बुचाच्या भोकातून सांडायला लागलं, तेव्हा ते स्वस्तिकापासून चार बोटं खाली असावं. सुटलो, असं मला वाटलं. त्या घटकेला मला आनंद झाला होता. आज सगळ्यात जास्त लाज मला त्या आनंदाची वाटते.

पहिल्या दिवशी मी बोललो नाही ते चारचौघांत नाक कापलं जाऊ नये म्हणून. दुसऱ्या रविवारी बोललो नाही, कारण मग पहिल्या दिवशी का नाही बोललास हे आलं असतं. पुढे प्रत्येक रविवार मागच्या रविवारांचं ओझं घेऊन येऊ लागला. सर रागावले असते तर मी केव्हाच सांगितलं असतं. ते रागावले नसते, हेच कठीण होतं. बुडायची भीती नाही, अंगात लाइफ जॅकेट असतं, असं मी स्वतःला समजावत होतो. तेवढं खरं होतं. पण मी जे मोडत होतो ते वेगळंच होतं, आणि तेही मला दिसत होतं.

संक्रांतीला ते तिळगूळ घ्यायला आमच्याकडे आले. मायने खुर्ची पुढे केली. त्यांनी ती उलटी केली नाही, नुसते बसले.

"माय, तुमना सातिया अजून तसाच शे," ते स्वस्तिकाबद्दल तिला म्हणाले.

मायला कमी ऐकू येतं. तिला काय कळलं कोण जाणे. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि त्यांच्या हातावर आणखी एक लाडू ठेवला. सरांनी स्वतःचे दोन्ही तळवे उघडून बघितले, जसं एखादं हत्यार बघावं. "हात गया रे भो," ते मला म्हणाले. "अकरा भोकंबी सांभाळता येत नहीत."

मी म्हणालो, "वय झालं की व्हायचंच, सर." हे मी म्हणालो.

होळीच्या आठ दिवस आधी त्यांनी नर्मदेला न्यायची जीप नको म्हणून सांगितलं. "जिना भरोसा नही ती होडी खोल पानीमा नेवानी नही," म्हणाले. कयाक माझ्या अंगणात आणून टाकली. "तू तरणा शे, तुन्हा हात चांगला शे. तू ठेव." कप्पी, इस्त्री, घमेलं, सगळं तिच्यासकट. मिरचीच्या पोत्याची उशीसुद्धा.

त्यांची पाठ वळल्यावर मी पहिल्यांदा रडलो. आणि मग स्वस्तिक पुसलं, चीर घासली, नंदुरबारच्या गाड्यांच्या गॅरेजमधून फायबरचं कापड आणि रेझिन आणून वर लावलं. एका सकाळचं काम. पिवळा रंग मात्र जुळला नाही, ठिगळ दिसायला लागलं. तेव्हा मी त्यावर परत स्वस्तिक काढलं.

सरांना घाटावर बोलावलं. माझा बेत असा होता, की होडी कोरडी निघाली की सगळं सांगायचं. होळीला अजून तीन दिवस होते, जीप पुन्हा सांगता आली असती. मी होडी दोन तास फिरवून आणली. सरांनी बूच काढलं. काही नाही. त्यांनी आत बोटं घातली, बाहेर काढली, अंगठ्यावर घासून बघितली. कोरडी ठणठणीत. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला.

"काय करं तू?" त्यांनी विचारलं. वर्गात पुढच्या बाकावरचं पोरगं विचारतं तसं.

सांग, मी स्वतःला म्हणालो. आणि तोंडाने म्हणालो, "सर, सातव्या भोकाचं वायसर उलटं बसलं होतं."



"उलटं? मी बसाडं?"

"हो."

"तीन-चार येळ उघडं मी ते."

"बारीक होतं सर, लक्षात येत नव्हतं."

त्यांनी खाली बसून सातव्या बोल्टावरचं ट्यूबचं टोपरं काढलं, बोट फिरवलं, परत बसवलं. "बरं झायं, कारन सापडनं," ते म्हणाले. मी घाईघाईने म्हणालो, सर, आता जीप सांगू, परवा निघू. त्यांनी मान हलवली. "नही रे भो. ज्याले उलटं वायसर चार येळ दिसत नही, त्यानी तठे उभं ऱ्हावानं नही. आते तूच जाय."

मी गेलो नाही. मे महिन्यात ते निवृत्त झाले. नर्मदा राहिली ती राहिलीच.

सर आता रविवारी घाटावर येतात, काठावर बसतात आणि मला मनगट कमी, कोपर जास्त असं ओरडून सांगतात. किडे बांधणं त्यांनी बंद केलं, आता मी बांधलेले डोळ्यांजवळ नेऊन बघतात आणि वा म्हणतात. गेल्या रविवारी वेस्ता आला. इतकी वर्षं थट्टा केली, पण आता त्यालाही जाळी ओढायला अशी हलकी होडी करून घ्यायची होती. भोकं कशी पाडायची हे विचारायला तो सरांकडे आला होता. सरांनी त्याला शेजारी बसवलं.

"पहिले मन्ही चूक ऐक," ते म्हणाले. "मी वायसर उलटं बसाडं. हंगामभर पानी उनं, माले समजनं नही. हाई ह्यानी शोधं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "काई अडनं ते ह्याले इचार, माले नही."

वेस्ताने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. मीही जोडले.